सोलापूरच्या उन्हाला टिकणारी कुंडी कशी निवडावी

नर्सरीतून मोगऱ्याचं रोप आणलं, आठ इंची काळ्या कुंडीत लावलं आणि गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्याला ठेवलं, तर सोलापुरात ते मार्च कसाबसा काढतं, एप्रिलमध्ये रोज दुपारी मान टाकतं आणि मे महिन्यात वाळून जातं. घरचे म्हणतात, पाणी कमी पडलं. पाणी रोज सकाळी घातलेलं असतं, पण ते धरून ठेवायला त्या कुंडीत जागाच नसते.

हिशेब सोपा आहे. आठ इंची कुंडीत जेमतेम चार लिटर माती बसते आणि ती माती झाडाला घेता येईल असं पाणी धरते साधारण एक लिटर. पारा बेचाळीसवर असताना भरल्या पानांचं झाड ते दुपारच्या आत संपवतं. बारा इंची कुंडीत माती बसते चौदा लिटर आणि पाणी राहतं साडेतीन लिटरच्या आसपास. व्यास दीडपट झाला, की पाणी साडेतीनपट होतं. नळाला पाणी रोज येत नाही आणि बोअरचं पाणी क्षारांचं, अशा गावात कुंडी ही आधी पाण्याची टाकी असते आणि मग शोभेची वस्तू. आकार, माल, रंग, भोकं हे सगळं याच नजरेने पाहायचं.

आधी जागा, मग कुंडी

दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता जागेवर जाऊन ऊन कुठे पडतं ते पाहून घ्या. पूर्वेकडची जागा कोणत्याही कुंडीला चालते. दक्षिण आणि पश्चिम बाजूला मात्र दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट कुंडीच्या अंगावर येतं. माती चाळीस अंशांच्या वर तापू लागली, की भाज्यांची कोवळी पांढरी मुळं काम थांबवतात. मग माती ओली असूनही पानं लोंबतात. अशा वेळी आणखी पाणी ओतणं ही नेहमीची चूक. गरम, चिखल झालेल्या मातीत मुळं कुजतात. कुंडीला हात लावून पाहा. हात टेकवत नसेल, तर तिला सावली हवी आहे.

गच्ची असेल तर वजनाचा विचार टाळता येत नाही. माणसांचा वावर असलेली सपाट गच्ची आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो वरच्या भारासाठी धरतात. जिथे जायला जिना नाही अशा गच्चीला याच्या निम्माच भार धरतात. आता बारा इंची मातीची कुंडी घ्या. ओली काळी माती लिटरला १.७ किलोच्या आसपास भरते. कुंडीचं स्वतःचं वजन धरून एक नग ३० किलोचा होतो. एका चौरस मीटरमध्ये अशा नऊ कुंड्या सहज मावतात, म्हणजे २७० किलो. म्हणून कुंड्यांची गर्दी स्लॅबच्या मधोमध करू नये. खालच्या खोलीच्या छताकडे पाहिलं की बीम कुठून जातं ते कळतं. जड कुंड्या त्या रेषेवर किंवा कॉलमच्या डोक्यावर ठेवा. दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून केलेली अर्धी टाकी काळ्या मातीने भरली, तर १७० किलोच्या वर जाते. ती अंगणातच ठेवावी. गच्चीवरच हवी असेल तर हलकं मिश्रण, जागा बीमवरची, आणि इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवून घेणं.

गावठाणातल्या जुन्या घरांवर अजून माळवद, म्हणजे लाकडांवर माती घालून केलेलं धाबं, आहे. माळवदावर एकही कुंडी ठेवू नका. निथळलेलं पाणी मातीतून लाकडांपर्यंत पोचतं आणि वाळवीला वाट मिळते.

मापाचा हिशेब

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात जे माप सांगतात, त्याच्या एक माप पुढे जायचं. तिथे मिरचीला दहा इंची चालते, इथे बारा इंचीखाली उतरू नये.

कोथिंबीर, मेथी, शेपू, पालक यांना खोली ७ ते ९ इंच पुरते, पण रुंदी भरपूर हवी. गोल कुंडीपेक्षा दोन फूट लांब आणि एक फूट रुंद चौकोनी ग्रो बॅग किंवा क्रेट बरा. पुदिन्यालाही असंच पसरट भांडं द्या, मात्र एकट्याला. तो शेजारच्याला जगू देत नाही. मिरची आणि झेंडू बारा इंचीत. वांगं आणि टोमॅटो पंधरा बाय पंधराच्या बॅगेत, म्हणजे चाळीस लिटरच्या पुढे. दोडका, कारलं, दुधी यांच्या वेलाला अठरा इंची. एका बॅगेत दोनच वेल. गुलाब आणि मोगरा बारा ते चौदा, जास्वंद सोळा. कढीपत्ता सोळापासून सुरू करून अठरावर न्यावा. लिंबू, अंजीर आणि आपल्या जिल्ह्याचं डाळिंब यांना अठरा बाय अठराची, सुमारे ७५ लिटरची जागा ही सुरुवात समजावी. शेवगा कुंडीत लावू नये. त्याला जमीन द्या.

मोठी कुंडी हवी म्हणून चार पानांचं लिंबाचं रोप एकदम वीस इंचीत लावणंही चुकीचंच. मुळं नसलेल्या भागातली माती पावसाळ्यात ओलीच राहते, आंबते आणि वास मारायला लागते. बारमाही झाडाला दर वेळी दोन ते चार इंचांनी मोठी कुंडी द्या. हंगामी भाजीला मात्र रोप लावतानाच शेवटच्या मापाची, कारण तिचं आयुष्यच चार महिन्यांचं.

आकारात एकच सूत्र पाळा: वरचं तोंड बुडापेक्षा रुंद. माठासारखी पोटात फुगलेली आणि गळ्याशी अरुंद कुंडी दिसते सुंदर, पण दोन वर्षांनी झाड बदलताना ती फोडावी तरी लागते नाहीतर मुळं तोडावी लागतात.

माती, प्लास्टिक, सिमेंट की बॅग?

मातीच्या कुंडीबद्दल सगळीकडे चांगलंच बोललं जातं आणि त्यात तथ्य आहे. भिंतीतून पाणी पाझरून उडतं, त्यामुळे आतली माती माठातल्या पाण्यासारखी थंड राहते. पण हे थंडपण पाण्याच्या मोबदल्यात मिळतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा स्पष्टपणे जास्त पाणी मागते. ज्यांच्याकडे रोज पाणी घालायला माणूस आणि साठा दोन्ही आहे, त्यांनी गुलाब, मोगरा, कोरफड, अडेनियम यांना मातीचीच घ्यावी. आठवड्यातून चार दिवस बाहेर असणाऱ्यांनी उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नये.

विकत घेताना कुंडी एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवा. खणखणीत नाद आला तर ती नीट भाजलेली. बद्द आवाज आला तर कच्ची किंवा तडकलेली. काठाची जाडी सगळीकडे सारखी आहे का, बुडाचं भोक खरंच आरपार आहे का, हे उजेडाकडे धरून पाहा. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवा. पहिल्यांदा बुडबुडे येतात. ते थांबले की भिंत पाणी पिऊन तृप्त झाली. कोरडी कुंडी तशीच भरली, तर नव्या रोपाच्या वाट्याचं पाणी ती स्वतःच शोषते. बोअरच्या पाण्याने वर्षभरात बाहेरून पांढरी पापडी धरते. ते क्षार आहेत. कोरड्या ब्रशने घासून काढा, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पापुद्रे सुटून काठ झडू लागतो.

प्लास्टिकची कुंडी पाणी राखते, हलकी असते, पण काळा रंग आणि पातळ भिंत ही जोडी पश्चिमेच्या उन्हात घातक ठरते. घ्यायचीच तर पांढरी, फिकी किंवा विटकरी रंगाची, जाड भिंतीची आणि काठ दुमडलेली घ्या. काठ अंगठ्याने दाबून सोडा. लगेच मूळ आकारात आला पाहिजे. काळ्या कुंड्या आधीच घरात असतील तर टाकू नका. बाहेरून चुन्याचा हात मारा किंवा गोणपाट गुंडाळा, बरंच काम होतं.

ग्रो बॅग ही या हवेला आणि गच्चीला सगळ्यात सोयीची, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त बॅग पारखून घ्यावी. एचडीपीई या चिवट प्लास्टिकची, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) वरची, उन्हात टिकावी म्हणून यूव्ही प्रक्रिया केलेली, बाहेरून फिकी, दुहेरी शिवणीची, आणि निचऱ्याच्या भोकांना कडी बसवलेली. कडी नसेल तर भोकापासून विणीचे धागे सुटत जातात. सिमेंटचं किंवा खताचं रिकामं पोतं फुकट मिळतं म्हणून वापरू नका. त्याला उन्हापासून संरक्षण नसतं. काही महिन्यांत हात लावताच भुगा होतो आणि तो प्लास्टिकचा भुगा मातीत मिसळतो. जाड कापडासारख्या फॅब्रिकच्या बॅगेत मुळं फार छान फुटतात, कारण टोकाला हवा लागून ती थांबतात आणि आतून नवी फुटतात. पण ती सगळ्या अंगाने वाळते. ठिबक असेल तरच उन्हाळ्यात वापरा.

सिमेंटची कुंडी जड आणि टिकाऊ. अंगणात मोठ्या झाडांना चांगली. नवी असेल तर काठोकाठ पाणी भरून आठवडाभर ठेवा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. ताज्या सिमेंटमधून चुना उतरतो. आपली माती आणि बोअरचं पाणी आधीच अल्कधर्मी. त्यात ही भर पडली की लोह मुळांना मिळत नाही आणि जास्वंदीची, मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

तुळशी वृंदावनाकडे इथे खास लक्ष हवं. तयार वृंदावनाच्या वरच्या भागात मातीची जागा बाहेरून दिसते त्याहून खूपच लहान असते, आणि पुष्कळदा बुडाला भोकच नसतं किंवा रंगकामात ते बुजलेलं असतं. तुळस दर वर्षी मरते म्हणून घरातली मंडळी मनाला लावून घेतात; खरं कारण मातीच्या त्या लहानशा वाटीत असतं. माती काढून आत एक तांब्या पाणी ओता. पाच मिनिटांत ते खाली आलं नाही, तर बुडाला भोक पाडून घ्या. आतली जागा आठ इंचांपेक्षा कमी असेल, तर तुळस दहा-बारा इंची कुंडीत वाढवून ती कुंडी वृंदावनावर ठेवणं बरं.

बाजारातून मिळणारे डाळिंबाचे जुने प्लास्टिक क्रेट पालेभाज्यांना, मुळ्याला, कांद्याच्या पातीला उत्तम. आतून हिरवी शेडनेट लावा, चारही बाजूंना आडवं प्लास्टिक द्या म्हणजे कडेने पाणी उडणार नाही. बूड मात्र उघडं ठेवा. तेलाचा पत्र्याचा डबा तापतो आणि गंजतो. रोपं करण्यापुरता ठीक. सिरॅमिक सावलीतल्या शोभेला.

जुने निळे ड्रम घेताना विशेष जपा. हे यंत्रमागांचं, चादरी-टॉवेलांचं गाव. रंग आणि रसायनांचे ड्रम भंगारात सहज येतात. खाण्याची भाजी लावायची असेल, तर आधी त्यात खाद्यपदार्थ होता याची खात्री असलेलाच ड्रम घ्या. लेबल खरवडलेलं असेल, आत रंगाचा डाग किंवा उग्र वास असेल, तर तो धुऊनही वापरू नका.

भोकं आणि निचरा

बारा इंची कुंडीला १० ते १२ मिलिमीटरची चार-पाच भोकं हवीत. मातीच्या कुंडीचं मधलं एकच मोठं भोक पुरतं. प्लास्टिकला साध्या ड्रिलने भोकं पाडा. मातीच्या कुंडीला पाडायची असतील तर ती आधी रात्रभर भिजवा, उलटी ठेवा, ड्रिलची ठोक्याची कळ बंद करा, सहा मिलिमीटरच्या बिटने पाणी टाकत हळूहळू सुरुवात करा आणि मग मोठं बिट लावा. घाई केली की आतल्या बाजूने टवका उडतो.

बुडाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत जुनी आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी मातीचा शेवटचा थर पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोकळ्या खडीत उतरत नाही. म्हणजे ओला थर तेवढाच राहतो, फक्त तो वर सरकतो आणि मुळांची जागा तीन इंचांनी कमी होते. भोकावर शेडनेटचा तुकडा किंवा एक बाकदार खापरी ठेवा, बस.

कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका. विटेच्या तीन तुकड्यांवर दोन इंच उचला. भोकं मोकळी राहतात, खाली डाग धरत नाही, तापलेल्या स्लॅबची झळ बुडाला लागत नाही, आणि भोकातून बाहेर येऊन कोबाच्या भेगेत शिरू पाहणारं मूळ वेळेत दिसतं.

नुसती काळी माती भरली तर कितीही चांगली कुंडी वाया जाते. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून बोटभर सुटते. मग पाणी घातलं की दहा सेकंदांत खालून धार लागते. पाहणाऱ्याला वाटतं निचरा छान आहे. मधला मातीचा गोळा उपसून पाहिला तर कोरडा ठणठणीत असतो! असं झालं तर कडेची फट काडीने मोडून माती आत ढकला आणि पाऊण तासात तीन वेळा थोडं थोडं पाणी द्या. कायमचा उपाय म्हणजे मिश्रण: दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट. गच्चीसाठी मातीचा भाग निम्मा करून कोकोपीट वाढवा. वरून दोन इंच शेंगांच्या टरफलांचं आच्छादन द्या. या गावात त्यांना तोटा नाही. काठापासून दीड-दोन इंच जागा रिकामी हवी, नाहीतर पाणी मुरण्याआधीच सांडतं.

पाणी रोज घालता येत नसेल तर

वीस लिटरच्या बादलीची, खाली पाण्याचा साठा असलेली कुंडी घरी करता येते. बादली खाद्यपदार्थाची घ्या. रंगाची असेल तर त्यात फक्त फुलझाड लावा.

१. बुडापासून ८ सेंटिमीटर उंचीवर बाजूला ८ मिलिमीटरचं एक भोक पाडा. बुडाला भोक नको. जास्तीचं पाणी याच भोकातून बाहेर पडेल.

२. भरपूर भोकं पाडलेले ८ सेंटिमीटर उंचीचे तीन प्लास्टिकचे डबे आत उलटे ठेवा. मध्ये चार बोटं जागा सोडा.

३. एक इंची पीव्हीसी पाइपचा बादलीच्या काठावर येईल एवढा तुकडा घ्या, खालचं टोक तिरकं कापा आणि कडेने उभा करा. पाणी यातून घालायचं.

४. डब्यांच्या मधल्या जागेत ओलं मिश्रण दाबून भरा. हाच भाग वात होऊन पाणी वर चढवतो. तो पोकळ राहिला तर कुंडी चालत नाही.

५. डब्यांवर शेडनेट अंथरा, पण मधल्या जागेवर ती कापून टाका. वर उरलेलं मिश्रण भरून रोप लावा.

६. पहिलं पाणी वरूनच, बाजूच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. त्यानंतर पाइपमधून. पाइपचं तोंड जाळीने बांधा, नाहीतर डास होतात.

साठा तीन लिटरच्या आसपास राहतो. मिरचीला कडक उन्हात दोन दिवस, हिवाळ्यात पाच-सहा दिवस तो पुरतो. क्षार मात्र वर चढून मातीच्या तोंडाशी जमतात. महिन्यातून एकदा वरून भरपूर गोडं पाणी देऊन माती धुऊन काढा.

मोठ्या कुंडीसाठी याहून सोपा उपाय आहे: बिनरंगाचं, दीड लिटरचं मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. गाडग्यातून झिरपतं तेवढंच पाणी मुळं घेतात. क्षारांनी छिद्रं बुजली की झिरपणं मंदावतं. तेव्हा गाडगं काढून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून घासा.

आपली कुंडी तपासून पाहा

बॅगेचं वजन करायचा लोंबता काटा घ्या. सकाळी सहाला कुंडीला पोटभर पाणी द्या, अर्धा तास निथळू द्या, मग कुंडीला दोरी बांधून वजन करा. संध्याकाळी सहाला पुन्हा करा. एक किलो कमी भरलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं. बारा इंची कुंडीतून दिवसात दोन लिटरपेक्षा जास्त जात असेल, तर झाडाला पुढचं माप द्या किंवा कुंडीला सावली करा. सावलीसाठी कडब्याच्या पेंढ्या पश्चिमेच्या बाजूला उभ्या बांधल्या तरी पुरतं. कुंडीच्या अंगावरचं ऊन अडलं पाहिजे, पानांवरचं नाही. कुंड्या सुट्या ठेवण्यापेक्षा जवळजवळ ठेवा, मोठ्या पश्चिमेला आणि लहान आत. फार लहान कुंडी बदलणं शक्य नसेल तर ती एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत उसाचं चिपाड किंवा नारळाची शेंडी भरा.

कुंड्या बदलायच्या असतील तर जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की लगेच बदला. जानेवारीच्या शेवटी लावलेल्या झाडाची मुळं मार्चपर्यंत नव्या मातीत धरतात. एप्रिलमध्ये कुंडी बदलली तर निम्मी झाडं दगावतात. तेव्हा फक्त सावली आणि पाणी द्यावं.

जूनमध्ये कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा. ज्या काढता येत नाहीत त्या आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरड्या करा; डेंग्यूचा डास असल्या साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो. त्याआधी प्रत्येक कुंडीच्या भोकात काडी घालून मुळांनी ते बंद केलेलं नाही ना ते पाहा. बंद असेल, तर कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा, बुडाचं मुळांचं वेटोळं कात्रीने इंचभर छाटा, ताजं मिश्रण खाली घाला आणि झाड पुन्हा त्याच कुंडीत बसवा.